बर्मिंगहॅमची शिट्टी : आवाज, पत्रा आणि ठसा

30 सप्टेंबर 1888. पहाटेचे पावणेदोन. लंडनच्या मायटर स्क्वेअर या अंधाऱ्या चौकात गस्त घालणाऱ्या एडवर्ड वॉटकिन्स या पोलीस शिपायाला एका बाईचं प्रेत दिसलं. ‘जॅक द रिपर’च्या नावावर मांडल्या जाणाऱ्या खुनांपैकी हा एक. वॉटकिन्स समोरच्या गोदामाकडे धावला आणि जॉर्ज मॉरिस या रात्रपाळीच्या रखवालदाराला त्यानं मदतीला बोलावलं. मॉरिसनं कंदिलाच्या उजेडात प्रेत पाहिलं आणि स्वतःजवळची शिट्टी फुंकत तो ऑल्डगेटच्या दिशेनं पळत सुटला. त्या शिट्टीनं जवळपासचे शिपाई गोळा झाले.

पुढे चौकशीत वॉटकिन्सला विचारण्यात आलं, तुम्ही स्वतः इशारा का दिला नाहीत? त्याचं उत्तर होतं, आमच्याजवळ शिट्ट्या नसतात.

हे ऐकायला विचित्र वाटतं, पण त्यामागं सरळ कारण आहे. वॉटकिन्स ‘सिटी ऑफ लंडन’च्या पोलिसांतला. शहराच्या अगदी गाभ्यातला जेमतेम एक चौरस मैलाचा भाग या दलाकडे असे. उरलेलं लंडन मेट्रोपॉलिटन पोलिसांकडे, आणि त्या दलात काही वर्षांपूर्वीच शिट्टी आलेली होती. मॉरिस त्याच मेट्रोपॉलिटन पोलिसांतून निवृत्त झालेला शिपाई. म्हणजे त्या रात्री नोकरीवरच्या पोलिसाकडे शिट्टी नव्हती आणि नोकरी सोडलेल्याकडे होती.

जुनी शिट्टी हातात आली की मी आधी दोन प्रश्न विचारतो. ही कोणी फुंकायची होती? आणि कोणाला ऐकू जायची होती? शिट्टीचा आकार, तिच्या आतली रचना, तिच्यावर ठोकलेली अक्षरं, सगळं या दोन प्रश्नांतून उलगडत जातं. चकाकी आणि वय या गोष्टी नंतरच्या.

शिट्टी येण्याआधी लंडनचा पोलीस लाकडी रॅटल बाळगत असे. दातेरी चाकावर लाकडाची पट्टी आपटत राहते आणि करकर आवाज होतो, असं ते यंत्र. अवजड, खिशात न मावणारं, आणि गजबजलेल्या रस्त्यावर त्याचा आवाज गाड्यांच्या खडखडाटात मिसळून जाई. तो आवाज आणि घोडागाडीच्या चाकांचा आवाज एकाच जातीचे. 1829 साली स्थापन झालेल्या मेट्रोपॉलिटन पोलिसांनी पन्नासहून अधिक वर्षं याच साधनावर काढली.

1883 मध्ये हे बदललं ते जोसेफ हडसन या बर्मिंगहॅमच्या कारागिरामुळे. हडसनचा जन्म 1848 चा, धंदा हत्यारं आणि साचे बनवण्याचा. बर्मिंगहॅम हे तेव्हा छोट्या धातूकामाचं माहेरघर होतं. बटणं, बकलं, पेनाची टोकं, दागिने, सगळं तिथं पत्र्यातून ठोकून निघे. अशा शहरातल्या छोट्या कारखान्यात शिट्टीचा शोध लागावा यात नवल नाही. तिला लागणारं कसब, म्हणजे पातळ पितळी पत्रा साच्यात दाबणं, वळवणं आणि झाळणं, तिथल्या गल्लीगल्लीत होतं. हडसन व्हायोलिन वाजवत असे. एकदा व्हायोलिन हातातून पडलं, तारा तुटल्या, त्या बेसूर कळवळीतून त्याला पोलिसांच्या शिट्टीचा आवाज सुचला, अशी गोष्ट त्याच्या कंपनीत पिढ्यानपिढ्या सांगितली जाते. गोष्ट खरी असो वा रचलेली, तिच्यात शिट्टीचं मर्म मात्र बरोबर पकडलेलं आहे. हडसनला सुरेल आवाज नको होता, त्याला मुद्दाम बेसूर आवाज हवा होता.

तो कसा निघतो, ते जरा नीट पाहू.

कुठलीही साधी शिट्टी बासरीच्या कुळातली. तोंडातून निघालेला हवेचा पातळ झोत समोरच्या धारदार कडेवर आदळतो. झोत कडेच्या एकदा वरून, एकदा खालून जाऊ लागतो आणि पोकळीतली हवा त्या लयीला धरते. पोकळी जेवढी आखूड तेवढा आवाज उंच. एका टोकाला बंद असलेल्या नळीचा हिशेब तर कागदावर मांडता येतो. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण 343 मीटर. त्याला नळीच्या लांबीच्या चौपटीनं भागायचं. नळी 4 सेंटीमीटरची असेल तर सेकंदाला सुमारे 2140 कंपनं. प्रत्यक्षात तोंडाच्या आकारामुळे थोडा फरक पडतो, पण अंदाज चुकत नाही.

आता हाच हिशेब आपल्या कानाला लावा. कानाच्या भोकापासून पडद्यापर्यंतची नळी सुमारे अडीच सेंटीमीटर लांब, एका टोकाला पडद्यानं बंद. 343 भागिले 0.1, म्हणजे सुमारे 3400. कानाची नळी स्वतःच साधारण या उंचीचा आवाज वाढवून पडद्यापर्यंत पोचवते, म्हणून माणसाचा कान 2000 ते 5000 कंपनांच्या पट्ट्यात सर्वांत तल्लख असतो. हाताच्या बोटाएवढी शिट्टी नेमकी याच पट्ट्यात वाजते. त्या काळच्या लंडनमधला गोंगाट, चाकं, टापा, यंत्रं, बहुतेक खालच्या पट्टीतला. शिट्टीचा आवाज त्या सगळ्याच्या वरून जातो. मला हा हिशेब फार आवडतो, कारण त्यात फुंकणाऱ्याची शिट्टी आणि ऐकणाऱ्याचा कान एकाच सूत्रानं बांधले जातात.

पण उंच आवाज एवढ्यानं भागत नाही. उंच आवाज पक्ष्याचाही असतो, फिरत्या विक्रेत्याच्या पिपाणीचाही. पोलिसाची शिट्टी ऐकताक्षणी वेगळी ओळखू यायला हवी. हडसननं एकाच गोल नळीत मधोमध आडपट्टी घालून दोन कप्पे केले, दोन्ही बाजूंना एकेक खिडकी ठेवली आणि कप्प्यांची लांबी किंचित वेगळी ठेवली. एका फुंकरीत दोन सूर, आणि तेही एकमेकांशी न जुळणारे.

तानपुरा लावताना दोन तारा जवळजवळ जुळल्या, पण पुरत्या जुळल्या नाहीत की आवाज लाटेसारखा कमीजास्त होतो, ते अनेकांनी ऐकलं असेल. दोन सुरांत सेकंदाला दोन-तीन कंपनांचा फरक असेल तर ती लाट संथ येते. फरक शंभर-दोनशेच्या घरात गेला की लाटा मोजता येत नाहीत, कानाला नुसती खरखर आणि टोचणी जाणवते. समजा एक कप्पा 4 सेंटीमीटरचा आणि दुसरा 3.6 चा असेल, तर आपल्या सूत्रानं फरक येतो जवळपास 240 कंपनांचा. तानपुऱ्यात जो दोष काढायला कलावंत जिवाचं रान करतो, तोच दोष हडसननं पितळात कायमचा बसवला. झोपलेला माणूस त्यानं जागा होतो आणि चालणारा माणूस वळून पाहतो.

संग्राहकांच्या बोलीत या नळीसारख्या शिट्टीला ‘जनरल सर्व्हिस व्हिसल’ किंवा नुसतं जीएसडब्ल्यू म्हणतात. वर साखळीसाठी कडी, खाली चपटं तोंड, मध्ये गोल नळी. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत तिच्या रूपात फारच थोडा फरक पडला, आणि म्हणूनच नुसतं रूप बघून वय सांगता येत नाही.

दुसऱ्याच वर्षी, 1884 मध्ये, हडसननं ‘ॲक्मी थंडरर’ आणली. ही गोगलगायीच्या आकाराची, आत गोळी असलेली. शाळेच्या मैदानावर पी. टी.च्या सरांच्या गळ्यात आपण जी पाहिली तिची ही पूर्वज. हिच्यात दुसरा सूर नसतो, हिचं काम गोळी करते. फुंकर गोल पोकळीत शिरून भोवऱ्यासारखी फिरते, गोळी तिच्याबरोबर फिरते आणि दर फेरीत खिडकीसमोरून जाताना आवाज क्षणभर अडवते. म्हणून थंडररचा आवाज सलग न येता थरथरत, तुटत तुटत येतो. जुन्या शिट्ट्यांत ही गोळी बुचाची असे. बूच हलकं, थोड्या फुंकरीनंही फिरतं. पण थुंकीनं फुगतं, वाळून आकसतं, आणि कडक थंडीत गोठून अडकतंही. जुनी थंडरर हलवली आणि आत काहीच वाजलं नाही तर बहुतेक वेळा बुचाचा भुगा होऊन गेलेला असतो. त्या जागी प्लॅस्टिकची गोळी घातलेली आढळली तर समजावं, की शिट्टी दुरुस्त होऊन आली आहे.

गोळीच्या या दुखण्यातूनच पुढे 1987 मध्ये कॅनडातले बास्केटबॉल पंच रॉन फॉक्सक्रॉफ्ट यांची ‘फॉक्स 40’ आली. प्लॅस्टिकची, बिनगोळीची, तीन कप्प्यांची. धातूच्या संग्रहात तिला जागा नाही, तरी तिचं तत्त्व लक्षात घेण्यासारखं आहे. गोळी काढल्यावर पुन्हा एकाहून अधिक न जुळणाऱ्या सुरांकडेच वळावं लागलं, म्हणजे 1883 च्या पोलीस शिट्टीच्या कल्पनेकडे.

व्हिक्टोरियन काळात शिट्टीचे उपयोग झपाट्यानं वाढले. लंडनमध्ये घरापुढे भाड्याची गाडी बोलवायची तर दारातून शिट्टी फुंकत. एक फुंकर चारचाकी गाडीसाठी, दोन फुंकरी दोनचाकी हॅन्समसाठी. या गोंगाटाला लोक इतके कंटाळले, की पहिल्या महायुद्धाच्या काळात या शिट्ट्यांवर बंदी आली. सायकलस्वारांसाठी आत पंखा फिरणारी सायरन शिट्टी निघाली. बायकांच्या कमरेच्या साखळीला किल्ल्या-कात्रीबरोबर चांदीची छोटी शिट्टी लटके. बाळाच्या खुळखुळ्याला एका टोकाला पोवळं आणि दुसऱ्या टोकाला शिट्टी असे. अशा चांदीच्या शिट्ट्यांवर इंग्लंडची अधिकृत परखमुद्रा असते. सिंह म्हणजे स्टर्लिंग, म्हणजे 92.5 टक्के शुद्ध चांदी, आणि त्याशेजारी नांगर असेल तर ती बर्मिंगहॅमच्या परखकेंद्रात तपासलेली. हे केंद्र 1773 पासूनचं. वर्षासाठी वेगळं अक्षर असतं, त्यामुळे चांदीच्या शिट्टीचं वय सांगणं सर्वांत सोपं.

विज्ञानाच्या बाजूनं येणारी एक शिट्टी तर फारच वेगळी. इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गॅल्टन यांनी 1876 च्या सुमारास बारीक नळीत स्क्रूनं सरकणारा दट्ट्या बसवून शिट्टी केली. दट्ट्या आत ढकलत गेलं की पोकळी आखडत जाते आणि सूर माणसाच्या कानाच्या पलीकडे निघून जातो. आपलंच सूत्र इथं काम करतं. पोकळी 4 मिलिमीटर झाली की हिशेबानं 21000 पेक्षा जास्त कंपनं येतात, आणि तेवढी आपल्याला ऐकू येत नाहीत. गॅल्टन काठीच्या टोकाला ही शिट्टी लावून प्राणिसंग्रहालयात फिरले आणि कुठला प्राणी कान टवकारतो ते पाहत राहिले. कुत्र्यांसाठीची आजची ‘मूक’ शिट्टी याच घराण्यातली. हडसनच्या कंपनीनं ती 1935 मध्ये बाजारात आणली.

या सगळ्यांहून जुनी आहे ती जहाजावरची शिट्टी, बोसनची, म्हणजे खलाशांच्या मुकादमाची. लांबट वाकडी नळी, टोकाशी भोक असलेला पोकळ गोळा, आणि त्यांना धरून ठेवणारी चपटी पट्टी. हिच्या भागांना जहाजाचीच नावं आहेत. नळी ती गन, गोळा तो बॉय, पट्टी ती कील, कडी ती शॅकल. गोळ्याभोवती तळहात उघडझाप करून सूर बदलायचा, म्हणून एकाच शिट्टीवर वेगवेगळे हुकूम देता येतात. वादळात माणसाचा शब्द शिडावरच्या खलाशापर्यंत पोचत नाही, हा सूर पोचतो. इंग्लंडच्या दरबारी तिचा केवढा मान होता ते 1513 च्या एका प्रसंगावरून कळतं. लॉर्ड ॲडमिरल सर एडवर्ड हॉवर्ड फ्रान्समधल्या ब्रेस्टजवळच्या लढाईत शत्रूच्या गलबतावर मोजक्या साथीदारांसह अडकले, तेव्हा त्यांनी अधिकारचिन्ह असलेली आपली शिट्टी समुद्रात फेकून दिल्याची नोंद आहे. ती शत्रूच्या हाती लागू नये म्हणून. भारतीय नौदलातही ही परंपरा चालू आहे. मुंबईच्या गोदीत युद्धनौकेवर वरिष्ठ अधिकारी चढताना जो लांब उंच सूर ऐकू येतो तो याच शिट्टीचा.

आता अंगावरची अक्षरं. संग्राहकाचा निम्मा वेळ यात जातो, आणि मला सर्वांत जास्त आनंदही यातच मिळतो.

हडसनच्या शिट्ट्यांवर बहुधा कारखान्याचा पत्ता ठोकलेला असतो, आणि कारखाना जागा बदलत गेला. ‘131 बार स्ट्रीट’ असं दिसलं तर शिट्टी साधारण 1880 च्या दशकाच्या अखेरीपासून 1909 पर्यंतची. ‘244 बार स्ट्रीट’ असेल तर 1909 नंतरची. एवढा एकच आकडा नीट वाचला तरी फसवणुकीचे अनेक दरवाजे बंद होतात. ‘मेड इन इंग्लंड’ असे शब्द असतील तर ती एकोणिसाव्या शतकातली असण्याची शक्यता फार कमी. मुलामाही बोलतो. जुन्या शिट्ट्या पितळेवर निकेल चढवलेल्या, किंवा जर्मन सिल्व्हरच्या. निकेलची झाक किंचित पिवळसर, ऊबदार असते. निळसर, आरशासारखी झाक असेल तर तो क्रोमचा मुलामा, आणि तो नंतरचा.

एक सावधगिरी नव्यानं गोळा करणाऱ्या प्रत्येकाला मी आवर्जून सांगेन. ‘द मेट्रोपॉलिटन’ एवढंच लिहिलेलं असेल तर ती पोलिसाची म्हणून विकत घेऊ नका. ते त्या नमुन्याचं व्यापारी नाव होतं आणि दुकानात कुणालाही मिळे. पोलीस दलाचं पूर्ण नाव ठोकलेलं असेल, तरच ती त्या दलासाठी बनलेली. आणि हडसन एकटा नव्हता. बर्मिंगहॅमचे डाउलर, बॅरल, डी कुर्सी, लंडनचे स्टीव्हन्स हेही शिट्ट्या करत. त्यांच्या शिट्ट्या तुलनेनं कमी सापडतात. माझ्या मते त्या अधिक जपायला हव्यात, कारण हडसनचा इतिहास कंपनीनं सांभाळला, यांचा बहुतांशी या पितळी तुकड्यांवरच उरला आहे.

युद्धातल्या शिट्ट्यांवर वर्ष असतं. 1914 ते 1918 मधलं साल आणि कावळ्याच्या पावलासारखा तीन रेघांचा बाण, तो सरकारी मालाचा ठसा, असं एकत्र दिसलं तर ती लष्करासाठी केलेली. 1 जुलै 1916 ला सकाळी साडेसात वाजता फ्रान्समधल्या सोमच्या आघाडीवर अधिकाऱ्यांनी शिट्ट्या फुंकल्या आणि सैनिक खंदकातून वर चढले. त्या एका दिवसात ब्रिटिश सैन्याचे जवळजवळ 57000 लोक जखमी, बेपत्ता किंवा ठार झाले, त्यांतले 19000 हून अधिक मृत. 1915 चा ठसा असलेली शिट्टी मी कधी गंमत म्हणून फुंकत नाही. दुसऱ्या महायुद्धात ‘ए आर पी’ ही अक्षरं हवाई हल्ल्यापासून बचावाचं काम करणाऱ्या स्वयंसेवकांची, आणि ‘ए एम’ सोबत ‘23/230’ हा आकडा वायुसैनिकांच्या शिट्टीचा. विमान समुद्रात पडलं तर अंधारात एकमेकांना शोधण्यासाठी ती अंगावर असे.

आपल्याकडे अशा शिट्ट्या मुंबईच्या चोरबाजारात, पुण्याच्या जुन्या बाजारात अधूनमधून दिसतात. पण तिथं दिसणाऱ्या पितळी शिट्ट्यांत नव्यानं बनवलेल्याच अधिक. जहाजी वस्तूंच्या पितळी नकला उत्तर भारतात मोठ्या प्रमाणावर तयार होतात. शोभेच्या वस्तू म्हणून त्या विकण्यात काहीच गैर नाही, जुन्या म्हणून विकल्या की गैर. ‘टायटॅनिक’ असं नाव आणि 1912 साल कोरलेली शिट्टी समोर आली तर ती सरळ खाली ठेवा. नकलेची अक्षरं ओतलेली असतात, त्यांच्या कडा गोलसर लागतात. खरी अक्षरं ठोकलेली असतात, भिंग लावलं की कडा तीक्ष्ण दिसतात आणि झीज उंचवट्यावर असते, खळग्यात नसते. नकली शिट्टी जाड, जड असते आणि फुंकली की नुसती हवा सुसाटते. झोत आणि कड यांची जुळणी केसभर चुकली तरी सूर लागत नाही, आणि शोभेची वस्तू करणारा तिथं वेळ घालवत नाही. जीआयपी किंवा बीबीसीआय या आपल्या जुन्या रेल्वे कंपन्यांची अक्षरं दिसली तरी हुरळून जाऊ नका. जुन्या साध्या शिट्टीवर चार अक्षरं नंतर ठोकणं अवघड नाही. त्या अक्षरांच्या खळग्यातला मळ आणि कारखान्याच्या ठशातला मळ सारखा आहे का, ते पाहा.

घरी आणलेल्या शिट्टीला चिंच किंवा पितांबरी लावू नका. देव्हाऱ्यातल्या समईला ती शोभते. शिट्टीवरचा निकेलचा मुलामा आधीच केसाएवढा पातळ, तो घासून गेला की खालचं पितळ उघडं पडतं आणि अक्षरांच्या कडाही बोथट होतात. मऊ कापड, लाकडी टूथपिक आणि धीर एवढं पुरे. हिरवा कळंक असेल तर तो हलक्या हातानं काढा आणि शिट्टी कोरडी ठेवा. ती स्वच्छ केल्याशिवाय तोंडाला लावू नका. करड्या, मऊ, ओतीव धातूच्या जुन्या शिट्ट्यांत शिसं असतं, त्या तर कधीच फुंकायच्या नाहीत. आणखी एक, परदेशी राहणाऱ्या नातेवाइकांना भेट द्यायची असेल तर लक्षात ठेवा. 1972 च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांपेक्षा जुनी कारागिरीची वस्तू भारताबाहेर नेण्यावर निर्बंध आहेत.

सुरुवात करायची तर दुर्मीळ पोलीस दलाच्या मागे लागू नका. ‘244 बार स्ट्रीट’ ठोकलेली, साधी, वापरून गुळगुळीत झालेली जीएसडब्ल्यू शोधा. ती उजेडाकडे धरून दोन्ही खिडक्यांतून आत पाहा, मधली आडपट्टी दिसते का ते बघा. मग एक खिडकी बोटानं झाकून फुंका, नंतर दुसरी झाकून, आणि शेवटी दोन्ही उघड्या ठेवून.